सॅक आणि सल्ला : एक तळं, दोन रात्री

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कांदिवलीचे. मी ४२, बायको ३९, मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. कॉलेजात असताना मी सह्याद्रीत भरपूर भटकलो. लग्नानंतर सॅक माळ्यावर गेली ती गेलीच. ऑफिसातला मित्र काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक करून आला. त्याचे फोटो पाहून घरात सगळ्यांनाच उचल आली आहे. दिवाळीच्या सुट्टीत जमेल का? पूर्ण ट्रेकला सात-आठ दिवस लागतात, तेवढी रजा नाही. पण चार दिवसांत त्यातली तीन तळी तरी होतील ना? दुसरं असं, की मुलांनी आपली सॅक आपणच उचलावी असं मला वाटतं. बायको म्हणते हा छळ आहे. कोण बरोबर?
स. म., कांदिवली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यावरून घरात एक-दोन दिवस अबोला झाला असणार. दोघंही बरोबर आहात. सॅक मुलांनी उचलायची, पण त्यात काय भरायचं ते आईने ठरवायचं. शाळेच्या दप्तराचा नियम तुम्हाला ठाऊक असेल : मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको. डोंगरातही तोच धरा. आठ वर्षांचा मुलगा २४ किलोचा असेल तर त्याच्या पाठीवर फार तर सव्वादोन किलो. एक पाण्याची बाटली, कानटोपी, स्वेटर, सुका खाऊ आणि त्याला हवी ती एक निरुपयोगी वस्तू. ही शेवटची वस्तू काढून घेऊ नका. माझ्या मुलाने एका ट्रेकला घरातला दाराचा जुना कडीकोयंडा नेला होता. का, ते आजवर कळलेलं नाही, पण सॅक मात्र त्याने तक्रार न करता वाहिली.

मुलांचं उरलेलं सामान तुमच्या दोघांच्या पाठीवर येणार, हे धरून चाला. मोठ्या माणसाने आपल्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत ओझं घ्यावं, त्याच्या वर नको. म्हणजे ७० किलोच्या माणसाला सतरा-साडेसतरा किलो ही हद्द. चार माणसांच्या स्लीपिंग बॅगा, मॅट, तंबू, भांडी आणि तीन दिवसांचा शिधा तराजूवर ठेवून पाहा, म्हणजे हा आकडा किती लवकर भरतो ते कळेल. रद्दीवाल्याचा काटा मागून आणलात तरी चालेल. आम्ही तसंच करायचो.

आता काश्मीर. तो ट्रेक सोनमर्गच्या बाजूने सुरू होतो आणि नारानागला उतरतो. सत्तरेक किलोमीटर चाल, वाटेत ४,००० मीटरच्या वरची खिंड. हंगाम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे तुमच्या मुलांच्या घटक चाचणीपासून थेट सहामाहीच्या तोंडापर्यंत. दिवाळीपर्यंत तिकडे बर्फ पडायला लागतो. आणि त्या वाटेचा अर्धा तुकडा कापून घेता येत नाही. खिंड ओलांडली की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच लांब. आठ वर्षांच्या मुलाचा ताप किंवा रुसवा खिंडीच्या कोणत्या बाजूला येईल हे आधी सांगता येत नाही. तेव्हा मुलगा बारा-तेराचा होईपर्यंत ते फोटो मित्राच्याच मोबाइलमध्ये राहू देत.

पण माझी खरी हरकत 'चार दिवसांत तीन तळी' याला आहे. ते वाचलं आणि १९९९ चा मे डोळ्यांसमोर आला.

आम्ही चौघं डोडीतालला निघालो होतो. उत्तरकाशीच्या वरचं हे तळं. गणपतीचा जन्म तिथला असं तिकडचे लोक मानतात. मुलगी अकराची, मुलगा सातचा. वाट सरळ आहे : अगोडा गाव, मग बेबरा, मग मांझी, मग तळं. शहाणी माणसं अगोड्यानंतर मध्ये एक मुक्काम करतात. आम्ही नाही केला, कारण तळं झालं की नवऱ्याला वर दरवा खिंडही गाठायची होती आणि परतीची तिकिटं दादरहून निघतानाच खिशात होती. मांझीला मुलगा एका दगडावर बसला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बिस्किटाला नको म्हणाला. बिस्किटाला नको म्हणणारं मूल आमच्या घरात तोवर जन्मलं नव्हतं. मी ते ओळखायला हवं होतं. मी म्हटलं, 'नखरे पुरे, ताई बघ कशी चालतेय.' दहा मिनिटांनी तो माझ्या बुटांवर ओकला.

नवरा त्याला घेऊन बेबऱ्याला उतरला. मी आणि मुलगी वर गेलो. तळ्याकाठी चाळीस मिनिटं बसलो, पाण्यात मासे दिसले, एक फोटो काढला, थंडीने पळालो. दुसऱ्या दिवशी खाली पोचलो तर हे बाळ कोंबडीच्या मागे धावत होतं. खाली उतरल्यावर दोन तासांत बरा झाला म्हणे. आता तो तिशीत आहे. डोडीताल म्हटलं की तो एकच वाक्य बोलतो : 'आई, तू मला ओरडली होतीस.'

ती उंची लागली होती. साधारण २,५०० मीटरच्या वर कुणालाही लागू शकते. धट्ट्याकट्ट्याला सोडते आणि काटकुळ्याला धरते असंही काही नसतं. मोठी माणसं सांगतात, डोकं दुखतंय, मळमळतंय. लहान मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, खाणं सोडतं, खेळणं सोडतं. २,५०० मीटरच्या वर मूल विनाकारण किरकिरं झालं तर कारण उंचीच आहे असं धरून थांबा. बरं वाटेना तर खाली उतरा. उतरणं हे पहिलं औषध, बाकीची नंतर. ३,००० मीटरच्या पुढे गेलात तर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नका.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर एकच तळं, आणि त्याच्यापाशी दोन रात्री. ते तळं म्हणजे देवरिया ताल.

उत्तराखंडच्या गढवालात उखीमठच्या पुढे सारी नावाचं गाव आहे. तिथून दगडी पायवाटेने अडीचेक किलोमीटर चढ. मोठ्यांना सव्वा तास, तुमच्या मुलाला दोन, थांबत थांबत अडीच. तळं २,४३८ मीटरवर, म्हणजे त्या अडीच हजारांच्या रेषेच्या जरा अलीकडेच. हिमालयातल्या पहिल्या मुक्कामाला याहून सोयीचा आकडा मला माहीत नाही. तळं लहान आहे, भोवती बांज आणि बुरांशाचं, म्हणजे तिकडच्या ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं, रान, आणि उत्तरेला ७,१३८ मीटरचा चौखंबा पसरलेला. पहाटे वारा नसताना अख्खा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. ऊन वर चढलं, वारा सुटला, की चित्र मोडलं. जे लोक खालून सकाळी नऊला चढायला लागतात आणि जेवायला परत उतरतात, त्यांच्या वाट्याला हे येत नाही. दोन रात्रींचा आग्रह त्यासाठी. एका पहाटे धुकं असेल, कुणी तरी उठणार नाही, कुणाची टोपी सापडणार नाही. दुसरी पहाट हातात असू द्या.

मधल्या दिवशी काय करायचं, हे तुम्ही विचारणार. काहीही नाही. चार वर्षांपूर्वी दिवाळीतच भाचीच्या दोन मुलांना घेऊन गेले होते. पहाटे तंबूच्या कापडावर दव गोठून पिठीसाखर भुरभुरवल्यासारखं झालं होतं. धाकट्याने ते चाटून पाहिलं, मग थोरल्याने, मग त्यांच्या आईने, आणि शेवटी इकडे तिकडे बघून मी. त्यानंतर दोघं जण बांजाच्या पानांच्या होड्या करत जेवायच्या वेळेपर्यंत काठावर होते. प्रत्येक होडीला नाव होतं. बुडाली की रीतसर सुतक.

तंबू नेमका कुठे ठोकायचा हे सारीला पोचल्यावर वनखात्याच्या चौकीवर विचारूनच ठरवा. अशा जागांचे नियम दरवर्षी बदलतात आणि ते बदलायला सबळ कारणं असतात. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. एकेका कुरणावर शेकडो तंबू पडत होते त्यावरून. तुम्हाला वर मुक्काम मिळाला नाही तर सारीतल्या घरगुती खोलीत राहा आणि एका पहाटे चारला टॉर्च लावून चढा. मुलांना अंधारातली चाल तंबूपेक्षाही आवडते, हा माझा अनुभव.

जायचं कसं? लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारला थेट गाडी आहे, नाहीतर डेहराडूनपर्यंत विमान. ऋषीकेशहून सारीला रस्त्याने पूर्ण दिवस जातो : देवप्रयाग, श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालातलं), रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, मग कुंडला केदारनाथचा रस्ता सोडून उजवीकडे. सकाळी सहाला निघा. घाटात मुलाला पुढच्या सीटवर बसवा आणि मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका. हा रस्ता मे-जूनमध्ये चारधामच्या गर्दीने तुंबलेला असतो. दिवाळीत मोकळा मिळतो. घरची भाऊबीज उरकून निघालात तर आणखी एक गंमत साधेल. त्याच दिवशी केदारनाथचे दरवाजे बंद होतात आणि देवाची डोली मजल दरमजल करत उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्यासाठी मुक्कामाला येते. आपल्या पालख्या पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

थंडी मात्र गंभीरपणे घ्या. नोव्हेंबरात रात्री पारा शून्याशी खेळतो. मुंबईकराच्या कपाटात थंडीचे कपडे म्हणजे एक लग्नातलं जाकीट आणि एक आजीने विणलेला स्वेटर. आजीचा स्वेटर न्या. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. स्लीपिंग बॅगा विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात. झोपताना मुलाच्या पायाशी गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली मोज्यात घालून ठेवा. सकाळी तेच कोमट पाणी दात घासायला.

स्वयंपाकाचं. गॅसचा छोटा डबा विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही नाही, तेव्हा तिकडे जाऊन घ्या किंवा गावात जेवण सांगा. स्वतः शिजवणार असाल तर तूरडाळ नेऊ नका. त्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उकळताना दिसतं, पण डाळ ढिम्म हलत नाही. आम्ही एकदा दीड तास पळी फिरवून शेवटी टचटचीत वरण-भात खाल्लाय. पोहे, शेवया, भाजलेल्या रव्याचा उपमा, मूगडाळीची खिचडी लहान कुकर असेल तरच. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दिवाळीचा उरलेला चिवडा. चकल्या नकोत, सॅकमध्ये त्यांचं पीठ होतं.

आणि पाणी. पांडव तहानेने व्याकूळ होऊन ज्या तळ्यापाशी आले आणि यक्षाने ज्यांना प्रश्न विचारले, ते तळं हेच, असं सारीचे लोक सांगतात. चार भाऊ न थांबता पाणी प्यायले आणि जागच्या जागी आडवे झाले. मुलांना ही गोष्ट वर चढतानाच सांगा, म्हणजे तळ्याचं पाणी तसंच ओंजळीने पिणार नाहीत. तुम्ही मात्र यक्षाच्या भरवशावर राहू नका. फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं आणखी उकळा. मुंबईत एक मिनिट पुरतं, वर पाणी कमी तापतं म्हणून तीन.

तयारीला महिना-दीड महिना आहे. रोज संध्याकाळी लिफ्ट बंद पडली आहे असं समजून सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकून जिने चढा. एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दारापासून कान्हेरीपर्यंत सहाएक किलोमीटर चालत जा आणि चालत परत या. सोमवारी उद्यान बंद असतं. तिथलीच विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही आपली घरची डोंगरातली तळी, पण पिण्याच्या पाण्याची, त्यामुळे काठावर जाता येत नाही. आपण त्यांना फक्त पावसाळ्यात पेपरातल्या टक्केवारीत भेटतो.

रंगीत तालीम मात्र भंडारदऱ्याला करा, कोजागिरीच्या रात्री. कसारा लोकल, पुढे घोटीवरून शेंडी. प्रवरेवरचं विल्सन धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ ला ते पुरं झालं. मागचा जलाशय ऑक्टोबरात काठोकाठ असतो. एक रात्र तंबूत काढा. त्या एका रात्रीत कळेल की कुणाचा बूट चावतो, कोण घोरतं, तंबूची कुठली काठी घरी राहिली आणि मुलगा रात्री दोनला 'शू' म्हटल्यावर बाहेर कोण जाणार. पाण्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नका. धरणाच्या काठाला गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. पोहता येणारेही तिथे फसतात.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण विचारतेच. मला ट्रेकला जायचंय, मुलीलाही (वय १३) न्यायचंय. माझी अडचण एकच : परसाकडचं. आणि मुलीची पाळी त्याच दिवसांत आली तर? नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, 'त्यात काय, डोंगर मोकळाच आहे.'
अनामिक, भांडुप

उत्तर : नवऱ्याला म्हणावं, डोंगर तुझ्यासाठी मोकळा आहे.

संकोच करू नका. मला येणाऱ्या पत्रांपैकी बायकांच्या निम्म्या पत्रांत हाच प्रश्न असतो, शेवटच्या ओळीत, ता. क. म्हणून. कित्येक जणी या एका कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत. ते सगळ्यात वाईट. त्याने डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि उंचीवर जास्तच त्रास होतो. पाणी प्यायचं म्हणजे प्यायचंच.

न्यायच्या वस्तू : कुंडीतली माती उकरायचं खुरपं, मोठी काळी छत्री, कागद, साबणाचा तुकडा, काडेपेटी नको. छत्री आडोशाला. उघडून जमिनीवर कलती ठेवली की झाली न्हाणीघराची भिंत. तुमच्यासाठी मुलीने धरावी, मुलीसाठी तुम्ही. जागा पाण्यापासून आणि वाटेपासून निदान सत्तर मोठी पावलं लांब. वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर त्याच मातीने बुजवायचा. कागद जाळायच्या भानगडीत पडू नका, रानाला आग लागते म्हणून काडेपेटी नको म्हटलं. कागदही पिशवीतून परत आणा. तळ्यात हात-पाय धुवायचे नाहीत, साबण तर नाहीच. मगभर पाणी घेऊन लांब जाऊन धुवायचं.

पाळीचं. तारीख नसली तरी पॅड न्याच. चालीने, थंडीने, नुसत्या प्रवासानेही तारखा मागेपुढे होतात. वापरलेलं पॅड पुरायचं नाही, टाकायचं तर नाहीच. जनावरं उकरून काढतात आणि ते वर्षानुवर्षं कुजत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, चिमूटभर कोरडी चहापत्ती टाकून, दोन पिशव्यांत बंद करून परत आणायचं. चहापत्तीने वास बसतो. ती पिशवी सॅकच्या बाहेरच्या खणात ठेवा, आणि त्या खणाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही असं निघण्याआधी जाहीर करा. मुलीला हे सगळं सहलीच्या आधी, घरी, चहा पिताना सांगा. वर जाऊन कुजबुजत सांगितलंत तर ती दोन्ही दिवस तंबूतून बाहेर येणार नाही.

माझी मुलगी पहिल्यांदा अशीच वेळ आली तेव्हा रडली होती, आणि मग छत्रीवर पाऊस पडायला लागल्यावर हसत सुटली होती.

प्रश्न : मी आठवीत आहे. दिवाळीत आई-बाबा ट्रेकला नेणार आहेत. बाबा म्हणतात मोबाइल घरी ठेवायचा. तिथे तीन दिवस करायचं काय? तुम्ही बाबांना सांगा ना.
ओ., परळ

उत्तर : सांगते, पण अट आहे. बाबांचाही मोबाइल त्याच नियमात.

मोबाइल ने. फोटो काढ, आणि नकाशा आधीच उतरवून ठेव म्हणजे रेंज नसताना चालतो. वाट तू दाखव. बाबांना ते आवडणार नाही, पण तू बरोबर निघालास की आवडेल. बाकी वेळ विमान मोडवर. तो चालू राहिला तर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. थंडीतही बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री मोबाइल स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं. एरवी आई ओरडते, तिथे परवानगी आहे.

करायचं काय, ते मी सांगणार नाही. पहिला दिवस कंटाळा येईल. येऊ दे. पत्त्यांचा जोड मात्र सॅकमध्ये टाक, आणि गुलाम चोर खेळताना बाबा फसवतात का ते बघून मला कळव.

प्रश्न : माझं वय ६९. मुलगा-सून नातवंडांना घेऊन असंच कुठल्या तरी तळ्याला जाणार आहेत, मलाही चल म्हणतात. गुडघे दुखतात. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. हो म्हणू की नातवंडांच्या वाटेतली धोंड होऊ नको?
श्री. क., दादर

उत्तर : तुमच्या-माझ्यात पाचच वर्षांचं अंतर, गुडघे बहुधा एकाच वयाचे. त्यामुळे स्पष्ट बोलते.

आधी डॉक्टर. प्रेशरची गोळी चालू असताना उंचीवर जायचं का आणि किती, हे त्यांनी सांगायचं, मी नाही. निघताना गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पाकीट तुमच्याकडे, एक सुनेकडे. मुलाकडे नको, मुलगा ते गाडीत विसरतो.

गुडघ्यांचं गणित असं की चढताना धाप लागते, पण गुडघे दुखतात ते उतरताना. वर पोचलात म्हणून जिंकलात असं नाही, उतरणीला तितकीच शक्ती शिल्लक हवी. दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या काठ्या घ्या, एक नको, दोन. उतरताना त्या थोड्या लांब करा आणि पाऊल टेकण्याआधी काठी टेकवा. आत्तापासून दादरच्या स्टेशनचा पूल रोज चढा-उतरा, गर्दीची वेळ सोडून. जिना उतरताना कठडा न धरता सलग तीन वेळा उतरता आलं तर देवरियासारखी अडीच किलोमीटरची पायवाट तुम्हाला झेपेल, मात्र दुप्पट वेळ हातात ठेवून. नाही जमलं तर सारीत खोलीवर दोन दिवस राहा. गावातून डोंगर दिसतात, अंगणात ऊन येतं आणि संध्याकाळी नातवंडं वरची बातमी घेऊन उतरतात. खेचर मिळत असेल तर चढताना बसा, पण उतरताना नको. उतरणीला खेचरावर बसणं गुडघ्यांना बरं आणि काळजाला वाईट.

भंडारदऱ्याला तर बिनदिक्कत जा. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापर्यंत गाडी जाते, बाजूलाच पुष्करणी आहे. पायऱ्यांवर बसून दगडातलं कोरीवकाम निवांत बघता येतं. नातवंडं रतनगड चढून येईपर्यंत तुमचा वेळ छान जाईल.

धोंड वगैरे शब्द पत्रात परत लिहू नका. तुम्ही बरोबर असलात की सगळ्यांची चाल आपोआप कमी होते, आणि लहान मुलांच्या सहलीला तीच चाल बरोबर असते. मेतकुटाची बरणी तेवढी विसरू नका. तिकडे भात गरम आणि भरपूर मिळतो, वर घालायला काही नसतं.